दार, कुलूप आणि किल्ली : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात बिजागऱ्यांविषयी लिहिले, त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे कुलपांविषयीची निघाली. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर शेजारपाजारची कुलपे उघडून बसण्याचा नाद लागला, त्यामुळे ही पत्रे वाचताना आनंदच झाला. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. बंद कुलूप किल्लीशिवाय कसे उघडावे, असे विचारणाऱ्या दोन-तीन पत्रांना मात्र या सदरातून उत्तर देणार नाही. ते काम ओळखीच्या कारागिराने, घर आपलेच आहे याची खात्री करून घेऊन, आपल्यासमोर करावे.

प्रश्न : आमच्या सदनिकेच्या मुख्य दाराला मॉर्टिस कुलूप (दाराच्या जाडीत पोकळी करून बसवलेले) आहे. जून संपत आला की किल्ली फिरेनाशी होते. दार खांद्याने दाबून धरले तर फिरते. दिवाळीनंतर हा त्रास आपोआप थांबतो. दुकानदार कुलूप बदलायला सांगतात. बदलावे का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : बदलू नये. दुखणे कुलपाचे नसून दाराचे आहे, आणि ते आपणच पत्रात लिहून पाठवले आहे. दार दाबले की किल्ली फिरते आणि हिवाळ्यात कुलूप विनातक्रार चालते, याचा अर्थ आतली यंत्रणा धड आहे. फक्त तिच्यातून बाहेर येणाऱ्या बोल्टला चौकटीच्या खोबणीत शिरायला वाट मिळत नाही. याची खात्री करण्यासाठी दार सताड उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहावी. उघड्या दारात ती सहज फिरत असेल, तर कुलपाला हात लावण्याचे कारण नाही. कोणतेही कुलूप बिघडले असे वाटले की मी सर्वांत आधी हेच करतो, आणि पुष्कळदा काम तेथेच संपते.

लाकूड हवेतील ओलावा शोषून आडव्या अंगाने फुगते, लांबीत त्याला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पावसाळ्यात दाराची रुंदी २-३ मिलिमीटरने वाढली तरी ते चौकटीत घट्ट बसते, शेवटपर्यंत मिटत नाही आणि बोल्ट चौकटीवरच्या पट्टीच्या कडेवर आदळतो. नेमका कोठे आदळतो हे पाहायचे असेल, तर बोल्टच्या टोकाला तेलात कालवलेले कुंकू लावावे, दार लोटून किल्ली अडेपर्यंत फिरवावी आणि दार उघडून पट्टीवर उमटलेली खूण पाहावी. खूण भोकाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर असेल, तर दार पुरते मिटत नाही. ती भोकाच्या खालच्या कडेवर असेल, तर दार खाली उतरले आहे. दार उतरल्याची आणखी एक ओळख म्हणजे कुलपाच्या बाजूची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. अशा वेळी वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. ते काढून भोकात फेव्हिकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकाव्यात, वाळू द्याव्यात आणि आधीपेक्षा लांब स्क्रू बसवावेत.

पट्टीचे भोक ज्या कडेला अपुरे पडते, तेथे गोल कानशीने एखाद-दोन मिलिमीटर वाढवले तरी पुरते. त्यासाठी पट्टी काढून घ्यावी, म्हणजे लोखंडाचा कीस खोबणीत पडत नाही. सुताराला बोलावून जुलैमध्ये दाराला रंधा मारून घेण्याची घाई मात्र करू नये, कारण भर पावसात बरोबर बसवलेले दार एप्रिलमध्ये आक्रसते आणि मग फटीतून रस्त्यावरची धूळ घरात येते. दार वाळलेले असताना त्याची वरची आणि खालची कड रंगवून घेणे हा खरा उपाय आहे. या दोन कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून रंगारी त्या हमखास सोडून देतात आणि ओलावा तेथूनच शिरतो.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या वाड्यातून निरनिराळ्या आकारांची आठ-नऊ जुनी कुलपे निघाली. काहींच्या किल्ल्या आहेत, काहींच्या हरवल्या आहेत. ही कुलपे कोणत्या प्रकारची आहेत हे कसे ओळखावे आणि ती वापरात आणता येतील का? (एक वाचिका, जुने नाशिक)

उत्तर : कुलपापेक्षा किल्ली अधिक बोलकी असते, म्हणून आधी किल्ल्या मांडून बसावे.

किल्लीच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतील, तर ते पेचाचे कुलूप आहे. किल्ली फिरवत आत नेली की ती आतला खिळा ओढून घेते आणि कडी सुटते. किल्ली म्हणजे टोकाला चौकोनी भोके असलेली पट्टी असेल आणि ती फिरवायची नसून नुसती आत सरकवायची असेल, तर आत बाणाच्या टोकासारख्या पसरलेल्या स्प्रिंगच्या पाती आहेत आणि किल्ली त्या पाती मिटवते. वाड्याच्या दिंडी दरवाजाला, कडी-कोयंड्यात, अशी कुलपे मी लहानपणी पाहिली आहेत. आतून आडणा आणि बाहेरून असे एखादे वजनदार कुलूप, एवढ्यावर देवडी निर्धास्त असे. या दोन्ही प्रकारांत बिघडण्यासारखे फार थोडे असते. गंज निघाला की ती चालतात, पण आज त्यांच्यावर घर सोपवू नये. ती कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवण्यासारखी आहेत.

गोल दांडी आणि टोकाला झेंड्यासारखा एक पत्रा, अशी किल्ली असेल तर दोन शक्यता आहेत. पत्र्यावर एक-दोनच साध्या खाचा असतील, तर कुलपात फक्त स्थिर आडकाठ्या आहेत आणि त्या चुकवणारी कोणतीही किल्ली, अगदी वाकवलेली तारसुद्धा, ते उघडू शकते. जुन्या पेट्यांची आणि कपाटांची कुलपे बहुधा याच जातीची असतात. पत्र्याला जिन्यासारख्या लहानमोठ्या पायऱ्या असतील, तर ते लिव्हरचे कुलूप आहे. यात एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीला एक खिडकी असते. किल्लीच्या पायऱ्या प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर उचलतात, सगळ्या खिडक्या एका ओळीत येतात आणि मगच बोल्ट सरकतो. पट्टी कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. ही दुहेरी अट इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये घातली. त्याच तत्त्वावर जेरेमाया चब या इंग्रज कारागिराचे प्रसिद्ध कुलूप १८१८ मध्ये आले, ज्यात चुकीची किल्ली फिरवल्याची खूणही आत उरत असे. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि १९५४ मध्ये आलेले त्यांचे ‘नवताल’ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या कडीला अजून लटकलेले दिसते. तेही लिव्हरचेच कुलूप आहे. अशा कुलपांवर लिव्हरची संख्या कोरलेली असते. ती जितकी जास्त तितके बरे.

चपटी आणि एका कडेला करवतीसारखे दाते असलेली किल्ली पिनच्या कुलपाची. लायनस येल या अमेरिकी कारागिराने १८६१ आणि १८६५ मध्ये घेतलेल्या पेटंटांनंतर हा प्रकार जगभर पसरला. यातल्या फिरत्या नळीत स्प्रिंगच्या जोराने खाली दाबलेल्या पिनांच्या जोड्या असतात, घरगुती कुलपात बहुधा पाच किंवा सहा. योग्य किल्ली प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर नळीच्या कडेशी आणते, तेव्हाच नळी फिरते. हल्लीच्या काही किल्ल्यांना दाते नसून चपट्या अंगावर लहान-मोठे खळगे असतात. तत्त्व तेच आहे, फक्त पिना खळग्यांवर टेकतात.

किल्ली हरवलेल्या कुलपांपैकी लिव्हरची कुलपे तेवढी दुरुस्त करून घेण्याजोगी आहेत. किल्ल्या बनवणाऱ्याकडे कुलूपच न्यावे. हाताने काम करणारा कारागीर कोरी किल्ली आत घालून तिच्यावर उमटलेल्या खुणांवरून पायऱ्या कानशीने काढतो. आपण स्वतः कुलपाचे मागचे झाकण उघडलेच, तर पट्ट्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडाव्यात आणि मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे. क्रम चुकला की असलेली किल्लीही निरुपयोगी होते. हे मी स्वानुभवाने सांगतो, आणि ते कुलूप दुर्दैवाने माझे नव्हते.

प्रश्न : आमच्या लॅचमध्ये किल्ली घट्ट जात होती, म्हणून सासूबाईंनी त्यात खोबरेल तेल सोडले. काही दिवस बरे गेले. डिसेंबरात एके सकाळी किल्ली आतच तुटली. तुटलेला तुकडा काढता येईल का? चूक तेलाची की किल्लीची? (एक वाचिका, इंदिरानगर)

उत्तर : दोघांचीही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, आणि नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी तापमान त्याच्या कितीतरी खाली असते. थिजलेल्या तेलात धूळ मिसळली की पिनांच्या बारीक स्प्रिंग तिला ढकलू शकत नाहीत, किल्ली अडते आणि आपण जोर लावतो. स्वयंपाकघरातले कोणतेच तेल कुलपात घालू नये. पिनच्या कुलपाला कोरडे वंगण लागते; ग्रॅफाइटची भुकटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती न मिळाल्यास मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही अंगांना घासून किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करावी. मात्र आधी तेल गेलेल्या कुलपात ग्रॅफाइट टाकू नये, कारण दोन्हींचा मिळून चिखल होतो. तेल आधी ते विरघळवणाऱ्या फवाऱ्याच्या (स्प्रेच्या) द्रावणाने धुऊन काढावे आणि कुलूप पुरते वाळू द्यावे. लिव्हरच्या कुलपाला शिलाई मशिनच्या तेलाचे एक-दोन थेंब चालतात.

तुटलेल्या तुकड्याला फेव्हिक्विक लावलेली काडी चिकटवून ओढण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो ऐकू नये, कारण थेंब आत ओघळला की किल्लीबरोबर पिनाही कायमच्या चिकटतात. आधी पाहावे की किल्लीचे भोक मूळ स्थितीत, म्हणजे किल्ली जशी घालतो त्या रेषेत आहे का. ते अर्धवट फिरलेले असेल, तर पिना तुकडा सोडणार नाहीत. बारीक स्क्रू ड्रायव्हरने भोक हलकेच मूळ जागी आणावे. मग नक्षीकामाच्या करवतीचे बारीक पाते, दाते आपल्याकडे वळवून, किल्लीच्या दात्यांच्या बाजूने आत सरकवावे आणि तुकड्याला अडकवून बाहेर ओढावे. दोन-तीन प्रयत्नांत निघाला नाही तर थांबावे. लॅच आतल्या बाजूने चार स्क्रूंवर उतरतो, तो तसाच कारागिराकडे नेणे स्वस्त पडते.

आता किल्लीविषयी. तुटलेली किल्ली डुप्लिकेटवरून काढलेली डुप्लिकेट असावी, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक नकलेत दात्यांची उंची केसभर बदलते, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर ती किल्ली हलवून, उचलून, लाडीगोडी लावून फिरवावी लागते. कुलूप आणताच मूळ किल्ली एका पाकिटात घालून कपाटात ठेवावी आणि पुढची प्रत्येक किल्ली तिच्यावरूनच काढून घ्यावी.

प्रश्न : गोदाकाठी आमचे दुकान आणि मागे घर आहे. पुराचे पाणी दाराच्या अर्ध्यावर आले होते. कुलपे बाहेरून ठीक दिसतात. काही करायला हवे का? (एक वाचक, सराफ बाजार)

उत्तर : हवे, आणि लवकर हवे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांनंतर मी जी कुलपे उघडली, त्यांच्यात पाण्यापेक्षा गाळाने अधिक नुकसान केले होते. गोदेचा गाळ पिठासारखा बारीक असतो; ओला असेपर्यंत कुलूप चालते आणि वाळला की ते सिमेंट भरल्यासारखे बसते. म्हणून तेल घालण्याची घाई न करता कुलूप काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि पाण्यातच किल्ली आत-बाहेर करत राहावे. पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत ते बदलत जावे. नंतर कुलूप झटकून, किल्लीचे भोक खाली करून दोन दिवस उन्हात ठेवावे आणि मगच वंगण द्यावे. मॉर्टिस कुलूप ज्या पोकळीत बसते तिच्यातही गाळ साचतो. तीही खरवडून, वाळवून घ्यावी, नाहीतर ओल्या लाकडात परत बसवलेले कुलूप आतून गंजते. पितळेला फारसे काही होत नाही, पण पोलादी स्प्रिंग गंजतात. आठवड्याभरात किल्ली पुन्हा जड झाली, तर ते कुलूप दुकानाला तरी ठेवू नये.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या यात्रेकरूंना देण्याचा विचार आहे. प्रत्येक मुक्कामानंतर किल्लीची भीती वाटते. दर वेळी कुलूप बदलणे परवडणार नाही. काय करावे? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : आपल्या खोल्यांना हँडलचे मॉर्टिस कुलूप असेल, तर संपूर्ण कुलूप बदलण्याची गरजच नाही, किल्ली ज्यात जाते तो सिलिंडर तेवढा बदलता येतो. दाराच्या जाडीत दिसणाऱ्या धातूच्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या पातळीला, एक लांब स्क्रू असतो. तो पूर्ण काढून किल्ली आत घालावी आणि घड्याळाचा काटा दोन-तीन मिनिटे सरकेल एवढीच फिरवावी. असे केले की सिलिंडरच्या मध्यावरचा दाता त्याच्या अंगाच्या रेषेत येतो आणि सिलिंडर हाताने बाहेर सरकतो. किल्ली सरळ असताना तो दाता अडतो, आणि येथेच लोक हातोडी उचलतात.

नवा सिलिंडर घेताना नुसती एकूण लांबी सांगून भागत नाही. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरचे टोक आणि आतले टोक अशी दोन मापे घ्यावीत. ६० मिलिमीटरचा सिलिंडर ३० आणि ३० असू शकतो, तसाच २५ आणि ३५ असू शकतो. शक्यतो जुना सिलिंडर खिशात घालूनच दुकानात जावे. बसवल्यावर बाहेरचे टोक हँडलच्या पट्टीच्या पुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नये, कारण बाहेर आलेले टोक पकडीत धरून सिलिंडर स्क्रूपाशी मोडता येतो. आपल्याकडचे सुतार या बाबतीत फार उदार असतात, बोटभर सिलिंडर बाहेर ठेवून जातात.

तरीही दर मुक्कामाला सिलिंडर बदलणे खर्चाचे आहेच. मोठ्या मुक्कामानंतर सिलिंडर कारागिराकडून पिना बदलून नव्या किल्लीचा करून घेता येतो, तो खर्च नव्या सिलिंडरपेक्षा कमी येतो. पण मला विचाराल तर आपल्या पंचवटीतल्या धर्मशाळांची जुनी पद्धत अजून उत्तम आहे. दाराला मजबूत अल्ड्रॉप (कुलूप अडकवण्याची सोय असलेली जाड सरकती कडी) बसवावा आणि यात्रेकरूने आपले कुलूप आपणच आणून लावावे. किल्ली त्याची, जबाबदारी त्याची, आणि जाताना तो दोन्ही घेऊन जातो. अल्ड्रॉप मात्र लाकडाच्या स्क्रूंवर न ठेवता आरपार बोल्ट घालून आतून नटाने आवळावा, आणि दार बंद असताना बाहेरून एकही स्क्रू दिसणार नाही अशा बेताने बसवावा.

प्रश्न : न्हाणीघराच्या दाराला गोल मुठीचे कुलूप आहे. चार वर्षांच्या नातीने आतून कळ दाबली आणि अर्धा तास रडत होती. शेवटी दार तोडले. दुसरा मार्ग होता का? (एक वाचक, पाथर्डी फाटा)

उत्तर : होता. न्हाणीघरासाठीच्या बहुतेक गोल मुठींना बाहेरच्या बाजूस मध्यभागी एक बारीक छिद्र किंवा चीर असते. छिद्र असेल तर त्यात विणकामाच्या सुईसारखी सरळ सळई आत दाबावी, चीर असेल तर नाणे घालून फिरवावे. आतली कळ सुटते. ती सळई चौकटीच्या वर खिळ्याला टांगून ठेवावी आणि घरातल्या प्रत्येकाने एकदा करून पाहावे. बेडरूमसाठीची किल्लीची मूठ चुकून न्हाणीघराला बसवली असेल, तर तिला हे छिद्र नसते; तेव्हा ती आधी बदलावी.

प्रश्न : बोटाच्या ठशाने उघडणारे डिजिटल कुलूप बसवले. माहितीपत्रकाप्रमाणे बॅटरी कित्येक महिने चालायला हवी, पण आमच्याकडे महिन्याभरात संपते. कुलूप सदोष आहे का? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी दार उघडे ठेवून कुलूप चालवावे आणि मोटरचा आवाज ऐकावा, मग दार मिटून तोच आवाज पुन्हा ऐकावा. मिटलेल्या दारात मोटर कण्हत असेल, तर बोल्ट चौकटीच्या पट्टीला घासत आहे आणि आपल्या खांद्याने करायचे काम मोटर करत आहे. पहिल्या उत्तरातली कुंकवाची खूण येथेही उपयोगी पडेल. आवाज दोन्ही वेळी सारखाच असेल, तर सेल पाहावेत. ही कुलपे बहुधा चार अल्कलाइन सेलवर चालतात. चार्ज करण्याच्या सेलचा दाब १.५ ऐवजी साधारण १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे ते भरलेले असतानाही कुलूप कमी बॅटरीची सूचना देऊ शकते. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नयेत. सेल पूर्ण उतरले तरी पुष्कळ कुलपांना बाहेरच्या बाजूस ९ व्होल्टची बॅटरी किंवा चार्जरची वायर लावण्याची सोय असते, ती आपल्या कुलपाला कोठे आहे हे आजच पाहून ठेवावे. सोबत मिळालेली साधी किल्ली घरातल्या कपाटात ठेवली असेल, तर ती काढून शेजाऱ्यांकडे द्यावी.